अंगुस्तान

ह्यर्टशाल्सच्या जुन्या सामानाच्या दुकानात चाळीस क्रोनरला घेतलं,
डबीसारखं मिटणारं, दोन पडद्यांचं यंत्र.
आत एकच खेळ अडकून बसलेला: दीपगृहातला खून.
माझ्या ट्रकमध्ये जाताना मासे, येताना नुसती थंडी,
आणि तोरस्हावनपासून छत्तीस तास समुद्र.
बायको म्हणते, होग्नी, पुस्तक वाच.
बोटीवर अक्षरं हलतात.
वस्तू हलल्या तरी वस्तूच राहतात.

खेळ साधा. एक खोली दाखवतात, खाली यादी:
कात्री, घुबड, नासपती, तीन चाव्या,
रक्त लागलेला हातमोजा.
दिसलं की टोचायचं.
काटा झुंबरात, कंगवा चुलीच्या राखेत,
पडद्याच्या चुणीत उभा मासा.
बाईचा खून झाला, समजू शकतो,
पण ह्या घरात कोणी कधी केरच काढला नव्हता काय?
चुकीचं टोचलं की इन्स्पेक्टर घसा खाकरतो.
माझ्यापायी त्याचा घसा बसला.

पहिल्या कप्प्यात आधीच एक नाव होतं: आस्ता.
एकसष्ट तास. अकरावा अध्याय, स्वयंपाकघर.
बारांपैकी अकरा वस्तू सापडलेल्या,
राहिलं ते अंगुस्तान.
मदतीचा कंदील एकदाही पेटवलेला नाही.
(मी पहिल्याच रात्री तीनदा.)
दुसऱ्या कप्प्यात माझं नाव घातलं.
तिचा पुसवेना,
कुणाचं अर्धं ताट न विचारता उचलावं तसं वाटलं.

मग खुनी राहिला बाजूला,
मी आस्ताच्या मागे लागलो.
यंत्राची पिशवी हातानं शिवलेली,
जुन्या कोटाच्या अस्तराची. टाके उलट्या अंगाला कललेले,
पडद्यावरचे ओरखडेही तसेच. म्हणजे डावरी.
बिजागरीत राईच्या पिठाची रेघ.
आणि घड्याळ एक तास पुढे.
हा पुरावा मोठा.
ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
सगळा देश काटे मागे घेतो.
हिचे कोणी घेतले नाहीत.

खानसामा बेर्गुर बटाटे सोलता सोलता म्हणाला,
"मोबाईल घेतला असेल रे बाईनं."
असेल.
कॉफी संपेपर्यंत मी तेच धरून बसलो होतो.

फेब्रुवारीत, शेटलंडच्या अलीकडे,
कप टेबलावरून आपल्या पायांनी चालत होते
तेव्हा मला अंगुस्तान दिसलं.
भिंतीवर चित्र, चित्रात विहीर,
विहिरीवर टांगलेली बादली,
बादलीला सुईच्या टोकानं पडावेत तसे खळगे.
आणि मी आठवडाभर ओट्याखाली, बरण्यांत, पिठाच्या डब्यात!
टोचलं.
खुनी निघाला दीपगृहवाल्याचा चुलतभाऊ.
तीन ओळींत कबूल झाला,
कसलीशी तुतारी वाजली,
आणि मी अंधारात जागा, आता करायचं काय म्हणून.

पहिला कप्पा उघडला.
तेच स्वयंपाकघर, तीच विहीर.
अंगठ्याचं नख बादलीपर्यंत नेलं.
अस्तराचे इतके बारीक टाके घालणारी बाई.
तिला अंगुस्तान दिसलं नाही?
आयुष्यभर बोटात घालून बसलेली,
तिला?

नख उचललं. डबी मिटली.
बोटीनं एक मोठा हेलकावा घेतला, कुठेतरी ताटं फुटली,
बेर्गुरनं शिवी दिली.

मार्चचा शेवटचा रविवार. धक्का दिसू लागला होता.
भोंग्यावरून सांगितलं, प्रवाशांनी घड्याळं पुढे करून घ्यावीत,
आजपासून उन्हाळ्याची वेळ.
सगळे आपापली मनगटं चाचपू लागले.
मी पिशवीतून यंत्र काढलं.
सात वाजून दहा.
बंदराच्या मनोऱ्यावर सात वाजून दहा.
हातही लावावा लागला नाही.

मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या.
कस्टमवाल्यानं काचेवर टकटक केली, काय आहे?
मासे, म्हटलं. पंधरा टन.
आणखी काही?